ॲसीनची पहिली उत्तेजित अवस्था दर वेळी खालीच का येते?

ॲसीन म्हणजे बेंझीनची कडी सरळ रेषेत जोडून बनलेले रेणू: नॅफ्थॅलीन, अँथ्रॅसीन, टेट्रासीन, पेंटासीन आणि हेक्सासीन, अनुक्रमे दोन ते सहा कड्यांचे. लक्षण असं असतं. पेंटासीनचा रेणू घेतला, बी३एलवायपी या फंक्शनलवर (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या सूत्रावर) भूमिती ऑप्टिमाइझ केली, त्यावर टीडी-डीएफटी (उत्तेजित अवस्थांच्या ऊर्जा काढणारी, त्याच सूत्रावर आधारलेली पद्धत) चालवली आणि पहिली सिंगलेट (सगळे स्पिन जोडीने खोडले गेलेली) उत्तेजित अवस्था १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (ईव्ही) आसपास आली. वायुअवस्थेतल्या सुट्या, थंड केलेल्या रेणूची मोजलेली किंमत आहे साधारण २.३१ ईव्ही. बेसिस सेट (ऑर्बिटल ज्या फलनांतून बांधतात तो संच) मोठा करून पाहिला तर आकडा जागचा हलत नाही, हललाच तर आणखी खाली जातो. नॅफ्थॅलीनवर हीच पद्धत वापरली तर आकडे त्यामानाने बरे दिसतात, पण पहिल्या दोन अवस्थांचा क्रम उलटा येतो. साखळीत एकेक कडं वाढवत गेलं की प्रयोग आणि गणित यांतली दरी कमी होत नाही.

हा प्रश्न नव्याने संगणकीय रसायनशास्त्रात शिरणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि त्याला बहुतेक वेळा एका ओळीचं उत्तर मिळतं: फंक्शनल बदला. उत्तर चूक नाही, पण ते फार लवकर दिलेलं असतं. या एका लक्षणामागे तीन-चार वेगळी कारणं असू शकतात आणि ती एकमेकांना झाकून टाकतात. दोन चुका विरुद्ध दिशेच्या असल्या तर आकडा प्रयोगाशी छान जुळतो आणि मग कोणी पुढे पाहतच नाही. म्हणून माझा आग्रह असा की फंक्शनलला हात लावण्याआधी आपण नक्की कोणती अवस्था पाहतो आहोत आणि तिची तुलना कशाशी करतो आहोत, हे ठरवून घ्यावं.

कोणती अवस्था पाहताय?

सरळ रेषेत जोडलेल्या कड्यांच्या या रेणूंमध्ये कमी ऊर्जेच्या दोन सिंगलेट अवस्था महत्त्वाच्या. प्लॅट यांनी १९४९ साली परिघावरच्या मुक्त इलेक्ट्रॉनांचं मॉडेल मांडलं, तेव्हापासून त्यांना एल-ए आणि एल-बी म्हणतात. एल-ए ही जवळपास पूर्णपणे होमोतून (सर्वांत वरच्या भरलेल्या ऑर्बिटलमधून) लुमोत (सर्वांत खालच्या रिकाम्या ऑर्बिटलमध्ये) इलेक्ट्रॉन गेल्याने बनलेली अवस्था. तिचा ट्रान्झिशन डायपोल (प्रकाश कोणत्या दिशेने आणि किती शोषला जातो हे ठरवणारी राशी) रेणूच्या आखूड अक्षावर असतो. एल-बी मात्र दोन उत्तेजनांच्या मिश्रणातून बनते: होमोच्या खालच्या ऑर्बिटलमधून लुमोत, आणि होमोतून लुमोच्या वरच्या ऑर्बिटलमध्ये. तिचा डायपोल लांब अक्षावर असतो, पण दोन्ही वाटे एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात. म्हणून तिची ऑसिलेटर स्ट्रेंग्थ (शोषणाची तीव्रता) शून्याच्या जवळ येते. याच दोन उत्तेजनांचं बेरजेचं मिश्रण वर जाऊन बी-बी ही अतिशय तीव्र अवस्था होते. नॅफ्थॅलीनमध्ये ती ५.९ ईव्हीच्या सुमारास दिसते.

हे खोडणं योगायोगाने होत नाही. कूलसन आणि रशब्रूक यांनी १९४० मध्ये दाखवलं की या प्रकारच्या हायड्रोकार्बनमध्ये, म्हणजे ज्यांचे कार्बन एकाआड एक असे दोन गटांत वाटता येतात त्यांच्यात, भरलेली आणि रिकामी ऑर्बिटल जोडीने येतात. जोडीतल्या दोघांच्या ऊर्जा मध्यापासून सारख्याच अंतरावर असतात. त्यामुळे वरची दोन्ही उत्तेजनं सारख्याच ऊर्जेची ठरतात आणि त्यांचं सारख्या वाट्याचं मिश्रण होणं अटळ असतं.

आता आउटपुट फाइल उघडा. नॅफ्थॅलीनच्या पहिल्या दोन मुळांपैकी (म्हणजे गणिताने काढलेल्या उत्तेजित अवस्थांपैकी) एकात होमो ते लुमो हा एकच मोठा सहगुणक दिसेल, साधारण ०.७. दुसऱ्यात ०.५ च्या जवळपासचे दोन सहगुणक दिसतील. इथे पुष्कळ जण अडखळतात. काही प्रोग्रॅम रिस्ट्रिक्टेड (दोन्ही स्पिनना एकच ऑर्बिटल धरणाऱ्या) गणितात सहगुणकांच्या वर्गांची बेरीज १ ऐवजी ०.५ धरतात. तिथे ०.७ चा अर्थ ४९ टक्के नसून ९८ टक्के होतो, आणि ०.५ चे दोन आकडे म्हणजे निम्मा-निम्मा वाटा. दुसरी गोष्ट, त्या दोन सहगुणकांची चिन्हं पाहून बेरजेचं मिश्रण की वजाबाकीचं हे ठरवू नका. ऑर्बिटलचं चिन्ह प्रोग्रॅमने मनाने धरलेलं असतं. एका ऑर्बिटलचं चिन्ह उलटलं की सहगुणकाचंही उलटतं. ऑसिलेटर स्ट्रेंग्थ मात्र खोटं बोलत नाही. ती शून्याजवळ असेल तर एल-बी, एकाहून जास्त असेल तर बी-बी.

सममितीच्या लेबलांचंही तसंच. एका लेखात एल-ए ला बी-२-यू म्हटलेलं असतं, तुमच्या फाइलमध्ये बी-३-यू येतं, आणि वाटतं की अवस्थाच वेगळी आली. डी-२-एच गटात एक्स दिशेचा डायपोल बी-३-यू, वायचा बी-२-यू आणि झेडचा बी-१-यू. लांब अक्षाला कोणी एक्स म्हणतो, कोणी वाय, आणि जुन्या लेखनात प्रतलाला लंब असलेला अक्ष एक्स धरण्याचीही पद्धत आहे. त्यातून प्रोग्रॅम स्वतःच्या सोयीने रेणू फिरवून घेतो. लेबल बाजूला ठेवा. फाइलमधले फिरवलेले सहनिर्देशक पाहा, लांब अक्ष कोणता ते ठरवा आणि ट्रान्झिशन डायपोलचा कोणता घटक शून्य नाही ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यानंतर शंका उरत नाही.

आणि मुळं दहा तरी मागा. दोन-तीनच मागितली तर फिकट अवस्था निसटण्याची शक्यता असते. जवळजवळ शून्य तीव्रतेची म्हणून एल-बी यादीतून काढून टाकणारेही मी पाहिले आहेत. नॅफ्थॅलीनमध्ये ती फिकट अवस्थाच खरी पहिली उत्तेजित अवस्था आहे.

तुलना कशाशी?

टीडी-डीएफटीचा आकडा म्हणजे मूळ अवस्थेच्या भूमितीवर, अणू न हलवता, सरळ उभी घेतलेली उडी. स्पेक्ट्रममध्ये तुम्ही जे पहिलं शिखर वाचता ते दोन्ही अवस्थांच्या सर्वांत खालच्या कंपन-पातळ्यांमधलं अंतर असतं. दोन्ही एकच नव्हेत. अँथ्रॅसीनचं हे अंतर वायुअवस्थेत ३.४३ ईव्ही आहे, तर प्रयोगावरूनच काढलेली उभ्या उडीची किंमत ३.६० ईव्ही धरतात. टेट्रासीनमध्ये २.७८ आणि २.८८, पेंटासीनमध्ये २.३१ आणि २.३७.

उभ्या उडीसाठी मी २००३ मध्ये ग्रिमे आणि पाराक यांनी वापरलेले संदर्भ-आकडे घेतो. एल-ए साठी नॅफ्थॅलीनपासून हेक्सासीनपर्यंत क्रमाने ४.६६, ३.६०, २.८८, २.३७ आणि २.०२ ईव्ही. एल-बी साठी ४.१३, ३.६४, ३.३९, ३.१२ आणि २.८७. हे दहा आकडे शेजारी मांडून पाहिले तर या कुटुंबाची सगळी गोष्ट त्यात दिसते. एल-ए झपाट्याने खाली उतरते, एल-बी सावकाश. नॅफ्थॅलीनमध्ये एल-बी खाली आहे, अँथ्रॅसीनमध्ये दोघी जवळजवळ एकाच जागी, आणि टेट्रासीनपासून पुढे एल-ए स्पष्टपणे खाली. अँथ्रॅसीनच्या स्पेक्ट्रममध्ये एल-बी वेगळी दिसतच नाही, एल-ए च्या पट्ट्याखाली दडून जाते. त्यामुळे अँथ्रॅसीनवर दोघींचा क्रम बरोबर आला की नाही, यावरून कोणत्याही पद्धतीची परीक्षा घेऊ नये.

पेंटासीनच्या बाबतीत तुलनेचा सापळा फार वाईट आहे. द्रावणात त्याचं पहिलं शिखर ५८० नॅनोमीटरच्या आसपास येतं, म्हणजे साधारण २.१ ईव्ही. पातळ थरात शेजारच्या रेणूंच्या परिणामाने ते १.८५ ईव्हीच्या जवळ जातं. आता बी३एलवायपीचे १.९ ईव्ही या थराच्या आकड्याशेजारी ठेवले तर वाटतं, काय सुरेख जुळलं! सुट्या रेणूच्या गणिताची घनरूपातल्या मापाशी तुलना झाली आणि फंक्शनलची ०.४ ईव्हीची चूक स्फटिकाच्या परिणामाने झाकली गेली. नंतर रेणूला बाजूचे गट लावले किंवा कडी वाढवली की जुळणं मोडतं, आणि दोष त्या नव्या रेणूला दिला जातो.

असाच दुसरा योगायोग होमो-लुमो अंतराचा. बी३एलवायपीमध्ये पेंटासीनचं हे अंतर २.२ ईव्हीच्या आसपास येतं आणि प्रकाश-शोषणाच्या आकड्याजवळ बसतं. त्यामुळे टीडी-डीएफटी न करताच 'बँड गॅप' म्हणून तोच आकडा छापला जातो. पण रेणूमधून इलेक्ट्रॉन काढायला लागतात ६.६ ईव्ही, आणि एक जादा इलेक्ट्रॉन बसवला तर मिळतात सुमारे १.४. म्हणजे खरं मूलभूत अंतर ५ ईव्हीच्या वर आहे. प्रकाशाने होणारं उत्तेजन त्याहून इतकं कमी पडतं ते इलेक्ट्रॉन आणि त्यामागे राहिलेलं भोक एकमेकांना ओढून धरतात म्हणून. बी३एलवायपीचं ऑर्बिटल-अंतर यांपैकी कोणत्याच राशीचं माप नाही.

मग खरं दुखणं कुठे आहे

एवढं तपासूनही एल-ए खालीच असेल, आणि ती असतेच, तर आता फंक्शनलकडे वळायचं. बी३एलवायपीमध्ये हार्ट्री-फॉक प्रकारचा अचूक एक्सचेंज (सारख्या स्पिनच्या इलेक्ट्रॉनांच्या अदलाबदलीतून येणारी ऊर्जा, थेट ऑर्बिटलवरून काढलेली) २० टक्के असतो, पीबीई-शून्यमध्ये २५ टक्के. शुद्ध ग्रेडियंट फंक्शनलमध्ये तो मुळीच नसतो आणि तिथे एल-ए आणखी खाली घसरते. एल-बी या सगळ्यात प्रयोगाच्या जवळपास किंवा थोडी वरच राहते. म्हणूनच नॅफ्थॅलीनमध्ये क्रम उलटतो: एल-ए खाली आली, एल-बी वर राहिली आणि दोघींनी जागा बदलल्या.

एल-ए वरच हा घाव का? अचूक एक्सचेंज कमी असला की ज्या उत्तेजनात इलेक्ट्रॉन एका जागेहून दूरच्या जागी जातो, त्याची ऊर्जा टीडी-डीएफटी फार कमी दाखवते, हे सर्वांना माहीत आहे. पण इथे होमो आणि लुमो दोन्ही साऱ्या रेणूभर पसरलेली आहेत, प्रत्येक कार्बनवर दोघांची घनता जवळजवळ सारखी. विद्युतभार कुठेच गेलेला दिसत नाही. ऑर्बिटलचा परस्परव्याप मोजणारा लॅम्डा नावाचा निदर्शक २००८ पासून वापरात आहे, आणि तो एल-ए साठी चांगला मोठा येतो, म्हणजे सगळं ठीक असल्याचं सांगतो. इथे त्याच्यावर विसंबू नका.

गोम २०११ च्या सुमारास उलगडली. होमो आणि लुमो यांची बेरीज आणि वजाबाकी घ्या. वर सांगितलेल्या जोडीच्या नियमामुळे बेरजेचं ऑर्बिटल कार्बनच्या एका गटावर साठतं आणि वजाबाकीचं दुसऱ्या गटावर. या दोघांचा परस्परव्याप फारच थोडा. एल-ए अवस्था या भाषेत लिहिली की इलेक्ट्रॉन एकाआड एक कार्बनांच्या एका गटाहून दुसऱ्या गटावर गेल्याचं दिसतं, आणि तितकंच उलट दिशेनेही. म्हणून निव्वळ भार शून्य राहतो, पण अवस्थेचा गाभा आयनिक असतो. एल-बी तशी नाही, तिच्यात सहसंयुजी स्वभाव जास्त. दोन अवस्थांचे स्वभावच इतके निराळे असताना एकाच फंक्शनलची चूक दोघींवर सारखी पडेल ही अपेक्षा सोडून द्यायला हवी.

हे एकदा डोळ्यांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं. अँथ्रॅसीनची होमो आणि लुमो यांच्या क्यूब फाइल काढा, बेरीज-वजाबाकी करून दोन चित्रं शेजारी ठेवा. एकात एक सोडून एक कार्बन रिकामे, दुसऱ्यात नेमके तेच भरलेले. त्यानंतर आकडा खाली का येतो हे पुन्हा विचारावं लागत नाही.

उपाय, आणि प्रत्येकाची किंमत

पहिला उपाय रेंज-सेपरेटेड फंक्शनल. कॅम-बी३एलवायपीमध्ये जवळच्या अंतरावर अचूक एक्सचेंज १९ टक्के असतो आणि लांबच्या अंतरावर तो ६५ टक्क्यांपर्यंत चढतो. ओमेगा-बी९७एक्स-डी आणि एलसी गटातली फंक्शनल १०० टक्क्यांपर्यंत जातात. एल-ए लगेच सुधारते आणि मुख्य म्हणजे कडी वाढवत गेल्यावर तिचा उतारही प्रयोगासारखा येतो. किंमत मोजावी लागते ती एल-बी मध्ये: ती गरजेपेक्षा वर जाते. नॅफ्थॅलीनमध्ये दोघी इतक्या जवळ येतात की क्रमावर भरवसा ठेवता येत नाही. तुम्हाला फक्त शोषणाचा पट्टा हवा असेल तर एल-ए पुरेशी आहे, कॅम-बी३एलवायपी वापरा आणि पुढे चला. एल-बी वरून काही निष्कर्ष काढायचा असेल तर नको.

ओमेगा हा अंतराचा मापदंड प्रत्येक रेणूसाठी जुळवून घेण्याची पद्धतही चांगली आहे. ओमेगा असा निवडायचा की उणे होमो-ऊर्जा ही तटस्थ रेणू आणि त्याचा धन आयन यांच्या एकूण ऊर्जांतल्या फरकाएवढी व्हावी, आणि ऋण आयनासाठीही तसंच. रेणू लांबतो तसा हा ओमेगा लहान होत जातो. मात्र प्रत्येक रेणूला वेगळा ओमेगा लावला की दोन रेणूंच्या एकूण ऊर्जांची वजाबाकी करता येत नाही. अभिक्रियेची ऊर्जा त्यातून काढू नका. आणि ओमेगा प्रयोगाच्या शिखराशी जुळेपर्यंत फिरवत बसणं म्हणजे जुळवणी नव्हे. मग त्या गणिताला भाकीत म्हणण्यात अर्थ राहत नाही.

टॅम-डॅन्कॉफ सरलीकरण (टीडी-डीएफटीच्या समीकरणांतला एक भाग गाळणारं) लावलं की एल-ए वर सरकते आणि पुष्कळदा प्रयोगाच्या जवळ येते. याचा मोह पडतो. पण त्यात ऑसिलेटर स्ट्रेंग्थच्या बेरजेचा नियम पाळला जात नाही, त्यामुळे पट्ट्यांच्या तीव्रता त्यातून घेऊ नयेत. सिंगलेटसाठी मी ते टाळतो. ट्रिपलेटची (दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच दिशेला असलेल्या अवस्थेची) गोष्ट वेगळी, ती पुढे येते.

संगणकाची ताकद असेल तर सीसी२ किंवा एडीसी(२) या फंक्शनल न वापरणाऱ्या पद्धती चालवून पाहा. पेंटासीनपर्यंत दोन्ही अवस्थांना त्या साधारण सारख्याच न्यायाने वागवतात, आणि फंक्शनलची निवड पटवून द्यायची असेल तेव्हा माझ्या मते हाच खरा पुरावा. बेसिस सेटबद्दल एवढंच: ट्रिपल-झीटा घ्या. विसरित (दूरवर पसरलेली) फलनं बेंझीनच्या वरच्या अवस्थांसाठी लागतात. अँथ्रॅसीनच्या पहिल्या दोन अवस्थांसाठी ती घातली तर वरच्या बाजूला नको त्या रिडबर्ग अवस्थांची (ज्यांत इलेक्ट्रॉन रेणूपासून दूर पसरतो) गर्दी तेवढी होते.

ट्रिपलेट फारच खाली आली, किंवा ऊर्जाच काल्पनिक निघाली

सिंगलेट फिशनवर (एका सिंगलेटमधून दोन ट्रिपलेट बनण्यावर) काम करणाऱ्यांना हे हमखास भेटतं. तिथे प्रश्न असतो तो दोन ट्रिपलेटची ऊर्जा एका सिंगलेटमध्ये मावते का हा. पेंटासीनच्या ट्रिपलेटची ऊर्जा सुमारे ०.८६ ईव्ही, दुप्पट १.७२, आणि थरातली सिंगलेट १.८५ च्या जवळ: मावते. टेट्रासीनमध्ये ट्रिपलेट १.२५ च्या आसपास, दुप्पट २.५, म्हणजे सिंगलेटपेक्षा थोडी वरच. दोन-तीन दशांश ईव्हीवर सगळा निकाल असताना ट्रिपलेट अर्ध्या ईव्हीने चुकली तर त्या गणितातून काहीच हाती लागत नाही.

कारण असं की अचूक एक्सचेंज जितका जास्त, तितकी बंद-कवची (सगळे इलेक्ट्रॉन जोडीने भरलेली) मूळ अवस्था ट्रिपलेट दिशेने डळमळीत होते. पूर्ण टीडी-डीएफटीमध्ये हा डळमळीतपणा थेट ट्रिपलेटच्या ऊर्जेत उतरतो. डळमळीतपणा जवळ आला की ऊर्जा शून्याकडे झुकते आणि पलीकडे गेला की वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. म्हणजे ज्या रेंज-सेपरेटेड फंक्शनलने सिंगलेट दुरुस्त केली तेच ट्रिपलेट बिघडवतं. इथे टॅम-डॅन्कॉफ लावणं योग्य, कारण त्यात हे संकट टळतं. दुसरा मार्ग सरळ आहे: ट्रिपलेटचं अनरिस्ट्रिक्टेड गणित वेगळं करा, त्यातून सिंगलेट मूळ अवस्थेची ऊर्जा वजा करा. पेंटासीनपर्यंत मी हा फरक नेहमी टॅम-डॅन्कॉफच्या आकड्याशेजारी ठेवून पाहतो. दोघांत मोठी तफावत दिसली तर आधी त्याचं कारण शोधतो, आकडा नंतर लिहितो.

स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी

ह्युकेल किंवा पीपीपी ही फक्त पाय-इलेक्ट्रॉन धरणारी सोपी मॉडेलं स्वतः लिहून पाहणारे बरेच असतात आणि त्यांच्या अडचणी वेगळ्या. इथे तपासणीची साधनं फार सुंदर आहेत, ती वापरत जा.

ह्युकेल पातळीवर ॲसीनचं होमो-लुमो अंतर सूत्रातच मिळतं. कड्यांची संख्या 'न' मानली तर बीटाच्या (शेजारच्या कार्बनांमधल्या जोडणीच्या ऊर्जेच्या) पटीत अंतर = √(९ + ८ × कोसाइन(न × १८०° ÷ (न + १))) − १. बेंझीनला २, नॅफ्थॅलीनला १.२३६, अँथ्रॅसीनला ०.८२८, टेट्रासीनला ०.५९०, पेंटासीनला ०.४३९. तिसऱ्या दशांशापर्यंत हे येत नसेल तर जोडण्यांच्या मॅट्रिक्समध्ये चूक आहे, बहुधा दोन कड्यांमधल्या सामाईक बाजूचा बंध राहून गेला आहे किंवा दोनदा धरला आहे. अँथ्रॅसीनमध्ये होमोच्या खाली १.००० या किमतीवर दोन पातळ्या एकावर एक दिसतील. ती चूक नव्हे, ह्युकेल मॉडेलची देणगी आहे. पण तिथली दोन ऑर्बिटल प्रोग्रॅम वाटेल तशी मिसळून देतो आणि एल-बी चे सहगुणक विचित्र दिसू लागतात. सममितीप्रमाणे वेगळी करून घ्या.

पीपीपीमध्ये पहिली तपासणी भारांची. तटस्थ ॲसीनमध्ये प्रत्येक कार्बनवर पाय-इलेक्ट्रॉनांची संख्या नेमकी १.००० आली पाहिजे, हार्ट्री-फॉकमध्येही आणि त्यापुढेही. टोकाच्या कार्बनवर १.०५ आणि मधल्यांवर ०.९५ असं काही दिसलं, तर इतर केंद्रकांच्या आकर्षणाचं पद गाळलेलं आहे. प्रत्येक जागेच्या इलेक्ट्रॉन-संख्येतून १ वजा करून मग प्रतिकर्षण लिहिलं की ही चूक होतच नाही.

दुसरी तपासणी एककांची. ओनो सूत्रात ११.२६ ईव्ही हे एकाच अणूवरचं प्रतिकर्षण धरलं तर १.४० अँगस्ट्रॉम अंतरावर ७.५९ ईव्ही यायला हवेत. ४.९० आले तर अंतर बोरमध्ये गेलं आणि स्थिरांक १४.३९७ अँगस्ट्रॉमचाच राहिला. त्याच जागी मटागा-निशिमोटो सूत्र ५.३७ देतं, म्हणजे प्रतिकर्षण अंतराबरोबर खूप लवकर पडतं. ही दोन सूत्रं वाटेल तशी अदलाबदल करण्यासाठी नाहीत. मटागा-निशिमोटोमध्ये सहसंबंधाचा काही भाग आधीच मुरलेला आहे, ते एकल उत्तेजनांच्या सीआयबरोबर (उत्तेजनांचं मिश्रण करणाऱ्या गणिताबरोबर) वापरायचं. ओनो घेतलं तर दुहेरी उत्तेजनं आणि त्यापुढचंही घ्यावं लागतं, नाहीतर दोन अवस्थांमधलं अंतर बिघडतं आणि त्याचा दोष बिचाऱ्या बीटाला दिला जातो.

हेक्सासीन आणि पुढे

इथून पुढे प्रश्नाचं स्वरूपच बदलतं, कारण मूळ अवस्था बंद-कवची राहते का हीच शंका असते. २००१ मध्ये बंद-कवची गणितावरून असं भाकीत झालं होतं की ठरावीक लांबीपुढच्या ॲसीनची मूळ अवस्था ट्रिपलेट असेल. २००४ मध्ये बेंडिकोव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बी३एलवायपीची बंद-कवची अवस्था हेक्सासीनच्या आसपासच अस्थिर होऊ लागते आणि तिच्या खाली उघड्या कवचाची सिंगलेट असते. २००७ मध्ये डीएमआरजीने (अनेक इलेक्ट्रॉनांचा सहसंबंध एकत्र पेलणाऱ्या पद्धतीने) सगळे पाय-इलेक्ट्रॉन हाताळून केलेल्या गणितात मूळ अवस्था सिंगलेटच राहिली, पण लांबीबरोबर तिचा बहु-रॅडिकल स्वभाव (जोडी न जमलेल्या इलेक्ट्रॉनांचा वाटा) वाढत गेला.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा: हेक्सासीनपासून पुढे प्रत्येक वेळी स्टेबिलिटी तपासणी (मिळालेल्या अवस्थेच्या खाली आणखी कमी ऊर्जेची अवस्था आहे का ते पाहणारी) चालवा. रेंज-सेपरेटेड फंक्शनल वापरत असाल तर त्याच्याही आधीपासून, कारण तिथे अस्थिरता लवकर येते. अस्थिर निघाली तर होमो-लुमो मिसळून सुरुवात करा आणि उघड्या कवचाची अवस्था मिळवा. तिथे एस-वर्गाची (एकूण स्पिनच्या वर्गाची) सरासरी शून्य नसते, त्यामुळे सिंगलेट-ट्रिपलेट अंतर नुसत्या वजाबाकीने काढू नका. त्या वजाबाकीची दुप्पट करून दोन्ही अवस्थांच्या एस-वर्गांतल्या फरकाने भागा. आणि अशा मोडक्या सममितीच्या अवस्थेवर टीडी-डीएफटी लावून शोषणाचा आकडा छापू नका. त्या मुळांमध्ये स्पिन इतका मिसळलेला असतो की कोणती सिंगलेट आणि कोणती ट्रिपलेट हे सांगता येत नाही. शिवाय होमोतले दोन्ही इलेक्ट्रॉन लुमोत जाऊन बनणारी फिकट अवस्था या लांबीवर खाली येते, आणि नेहमीच्या टीडी-डीएफटीला ती दिसूच शकत नाही.

मग उरतात एकाहून अधिक संदर्भ-अवस्था घेणाऱ्या पद्धती. तिथली भिंत आकड्यांतच पाहा. सगळे पाय-इलेक्ट्रॉन सगळ्या पाय-ऑर्बिटलमध्ये घेतले तर नॅफ्थॅलीनला ६३,५०४ डिटर्मिनंट (इलेक्ट्रॉन ऑर्बिटलमध्ये बसवण्याच्या मांडण्या) लागतात, अँथ्रॅसीनला सुमारे १ कोटी १८ लाख, टेट्रासीनला २३६ कोटी आणि पेंटासीनला जवळपास ५० हजार कोटी. म्हणजे टेट्रासीनच्या पुढे एकतर डीएमआरजी घ्या किंवा ॲक्टिव्ह स्पेस (अशा पूर्ण गणितात घेतलेल्या ऑर्बिटलचा संच) लहान करा. लहान करताना ऑर्बिटल जोडीनेच काढा, भरलेलं एक काढलं तर त्याचं रिकामं जोडीदारही काढा. तसं केलं नाही तर एल-बी चा एक पाय आत आणि एक बाहेर राहतो.

आणि सीएएसएससीएफचा, म्हणजे नुसत्या ॲक्टिव्ह स्पेसच्या गणिताचा, आकडा पाहून घाबरू नका. तिथे एल-ए उलट फार वर जाते, कारण आयनिक अवस्थेला लागणारा सिग्मा-इलेक्ट्रॉनांचा प्रतिसाद त्यात नसतोच. तो कॅसपीटी२ किंवा नेवपीटी२ या त्यावर चढवायच्या पद्धतींची दुरुस्ती आणते. ही दुरुस्ती एल-ए साठी एल-बी पेक्षा बरीच मोठी आली पाहिजे. दोघींना सारखीच दुरुस्ती मिळाली असेल तर सिग्मा ऑर्बिटल गोठवून ठेवलेली नाहीत ना ते पाहा, आणि सरासरी घेतलेल्या अवस्थांच्या यादीत तुम्ही समजता तीच एल-ए आहे की तिच्या जागी दुसरी कुठली अवस्था शिरली आहे, हे ट्रान्झिशन डायपोलच्या दिशेवरून पुन्हा एकदा तपासा.